दोन बोटे डावीकडे

"सदर चपट्या मॉपच्या फिरत्या डोक्याची रचना कंपनीच्या रचना-विभागाने स्वतंत्र संशोधनाअंती सिद्ध केली असून, वॉर्ड क्रमांक सातमधील सफाई कर्मचारी महिलेने चाचणीसाठी दिलेल्या नमुन्यावरून तिची हुबेहूब नक्कल केली आहे आणि त्याद्वारे कंपनीच्या हक्काचा भंग व रुग्णालयाचा विश्वासघात केला आहे."

वाक्य एकच होते आणि सुबक होते. सोडवायला घेतले की मात्र त्याचे टाके उसवत. 'स्वतंत्र' म्हणजे काय, तर कंपनीचा रचनाकार खिशात मोजपट्टी घालून पंधरा दिवस एका बाईच्या मागे मागे फिरला होता. 'संशोधन' म्हणजे काय, तर त्याने तिला विचारले होते, "मावशी, हे असं वळतं कसं?" आणि बावीस वर्षांच्या नोकरीत आपल्याला कोणी काही विचारले याच आनंदात तिने दांडा त्याच्या हातात दिला होता. 'विश्वासघात' हा शब्द तेवढा नेमका होता. फक्त तो कोणी कोणाचा केला, याची अदलाबदल झाली होती. राहता राहिला 'हुबेहूब'. साऱ्या वाक्यात खरा असा हा एकच शब्द, आणि लिहिणाऱ्याला तोच नडणार होता. पण हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते, मावशीला तर नव्हतेच.

सूनबाईने पत्रातले ते वाक्य दोनदा वाचले. एकदा शिलाई मशीन चालू ठेवून, दुसऱ्यांदा मशीन थांबवून.

"आई, हे म्हणतायत तुम्ही चोरलं."

"काय चोरलं?"

"आपलीच चपटी."

मावशी भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही, पण चिरणे थांबले.

चपटी हे नाव वॉर्डातले. रोज सकाळी मावशी साफसफाईच्या कपाटाशी जाऊन म्हणे, "माझी चपटी कुठाय?" आणि गोळ्या मोजणारी सिस्टर मान वर न करता विचारी, "इतक्या सकाळी, मावशी?" अकरा वर्षे हाच विनोद रोज नव्याने होत होता. रुग्णसुद्धा बरे होऊ लागले की आधी त्याला हसत.

पत्राला दुसरा एक कागद टाचलेला होता. तो कबुलीजबाब होता आणि कंपनीने तो उदारपणे आधीच टाइप करून ठेवला होता: माझ्याकडून अनवधानाने नक्कल झाली, पुन्हा होणार नाही, सदर वस्तू नष्ट करण्यास माझी हरकत नाही. खाली सहीपुरती रेघ. सही केली तर प्रकरण समज देऊन मिटणार होते. नाही केली तर गुरुवारी अकरा वाजता चौकशी, आणि चौकशीत दोषी ठरली तर नोकरी जाणार; नोकरीबरोबर रुग्णालयाच्या मागच्या या दोन खोल्याही.

"करून टाका ना सही," सून म्हणाली. "एवढीशी तर रेघ आहे. नोकरी राहील, घर राहील."

"आणि मी?"

"तुम्ही कुठं जाताय?"

"इथंच राहीन. चोर म्हणून."

 मशीनच्या सुईखालचे कापड ओढून काढत सूनबाई म्हणाली, "तसं तर चपटीची खोळ मी शिवलीय. म्हणजे मीही आलेच. सासू-सुनेची टोळी म्हणून पेपरात नाव येईल." आणि हसू येण्याऐवजी तिचे डोळे भरून आले, तेव्हा मावशीने चिरलेली भाजी उगाचच पुन्हा धुवायला घेतली.

आता या वस्तूविषयी. अकरा वर्षांपूर्वी वॉर्डात सुतांचा झुपकेदार मॉप असे. तो बादलीत बुडवायचा, दोन्ही हातांनी पिळायचा, आणि लादीवर ओढायचा. पाणी अर्धे लादीवर, अर्धे चपलांत. पलंगांखालची आडवी पट्टी जमिनीपासून वीतभरच उंच होती. झुपका तिच्याखाली शिरत नसे, म्हणून मावशी गुडघ्यांवर बसून हाताने पुसत असे. चाळीस पलंग, दिवसातून दोनदा. एके दिवशी पलंगाला अडकवायची, तापाचा तक्ता लावायची प्लॅस्टिकची पाटी कोणी भंगारात टाकली. मावशीने ती उचलली, उभी अर्धी कापून घेतली, आणि तिच्या मनात आले की याला फडके गुंडाळले तर हे पट्टीखालून सरकेल. आडकाठी एकच होती: दांडा सरळ बसवला तर पाटी जमिनीला चिकटून राहत नव्हती. मनगट जसे वळते तसे काहीतरी हवे होते.

ते काहीतरी धाकट्या दिराच्या दुकानात होते. भाऊजी पाने, पंप, ड्रिल मशीन दुरुस्त करीत. हाताला यश आणि तोंडाला लगाम नाही, अशी त्यांची ख्याती. अवघड कोपऱ्यातला नट फिरवायला पान्याला जो दोन्हीकडे वाकणारा सांधा लावतात, तसला एक जुना सांधा त्यांनी पाटीवर बसवला आणि वर दांडा ठोकला. सूनबाईने, जी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती, फडक्याला दोन्ही टोकांना खिसे शिवले, म्हणजे पाटी त्यांत सरकवता यावी आणि घाण फडके हात न लावता काढता यावे. दांडा हलका पिळला की डोके वळे. आडवा टेकवला की पलंगाखाली शिरे. पहिल्या दिवशी मावशी पुसत पुसत वॉर्डाच्या दारात पोहोचली तेव्हा घड्याळात रोजच्यापेक्षा पाऊण तास कमी झाला होता, आणि गुडघे कोरडे होते.

स्वतःची हत्यारे आणणे नियमात बसत नव्हते. तेव्हाच्या मोठ्या सिस्टरने "मी पाहिलंच नाही" म्हणून परवानगी दिली, आणि मग निवृत्त होऊन ती दूरच्या गावी गेली. त्यामुळे अकरा वर्षे चपटी लादीवर रोज होती आणि कागदावर कुठेच नव्हती. कागदाला तारीख असते. वस्तूला फक्त झीज असते, आणि झीज कोणत्याही कचेरीत पुरावा म्हणून दाखल होत नाही. कंपनीच्या आराखड्याला मात्र शिक्का होता. तो रचनाकाराच्या त्या पंधरा दिवसांनंतरचा आणि कपाटाच्या झडतीच्या आधीचा, म्हणजे अगदी सोयीचा.

टेपवाला हे रचनाकाराचे नाव बायकांनी ठेवलेले. माणूस वाईट वाटला नव्हता. बादली उचलू लागे, चहा स्वतः आणून देई, "मावशी, बसा जरा" म्हणे. मोजपट्टी लावताना कानामागची पेन्सिल काढून वहीत आकडे लिही. मग तो गेला, आठ महिन्यांनी कंपनीचे निळे मॉप आले, आणि तीन महिन्यांनी झडतीत मावशीच्या कपाटात जुनी चपटी सापडली. ती सील करून नेण्यात आली. नेणाऱ्याने पावतीवर लिहिले: 'नक्कल, एक नग'.

मंगळवारी कामावरून सुटून मावशी भाऊजींच्या दुकानात गेली. ते कानशीने काहीतरी घासत होते.

"भाऊजी, आज मी कंपनीचा निळा मॉप उलटा करून पाहिला."

"चांगलं केलंत. पाठीवर दोन फटकेही द्यायचे."

"त्यांचा सांधा मधोमध नाही. दोन बोटं डावीकडे आहे."

कानस थांबली.

"आपल्यासारखाच," मावशी म्हणाली. "बोटं लावून मोजलं. तंतोतंत."

"त्यांचा का?"

"तेच विचारायला आले. आपला का आहे?"

भाऊजींनी कानशीवरचा कीस फुंकला. "तेव्हाच सांगितलं होतं ना वहिनी. मधोमध असला की वळताना अडखळतो. जरा बाजूला घेतला की तोल..."

"भाऊजी, परवा माझी नोकरी जाणार आहे."

 भाऊजी स्टुलावर बसले, उठले, आणि पाठ करून फळीवरचे डबे नीट लावू लागले. डबे आधीच नीट होते.

"मधोमधच भोक पाडलं होतं," ते डब्यांना म्हणाले. "ड्रिल तापलं होतं, पाटी कडक. तडा गेला. पार कडेपर्यंत. तुम्ही बाहेर बाकावर बसला होता, एवढ्या आशेनं. मग म्हटलं, वहिनीला काय सांगायचं, एक पाटी आणली तीही फोडली? दोन बोटं सरकवून दुसरं भोक पाडलं, वरून पत्रा मारला, चार स्क्रू. आणि तोलाचं ते... ते आपलं बोलायला."

"अकरा वर्षं?"

"तुम्ही खूश होता. म्हटलं, कशाला."

मावशीने आपले डावे मनगट पाहिले. ते पुसताना आपोआप आत वळत असे. इतकी वर्षे तिला वाटत होते, ही काम करायची ढबच आहे.

"तुम्ही डावखुऱ्या," भाऊजी म्हणाले. "डावा हात वर धरता, तो आपणच आत पिळतो, म्हणून डोकं सरळ चालतं. उजव्या हाताच्या माणसाला दिला असता तर पहिल्याच दिवशी माझी अब्रू गेली असती. तो हात उलटा पिळतो. डोकं तिरकं होणार, एक बाजू मागं राहणार, पाणी सुटणार."

मावशीला वॉर्डातल्या लादीवरचे गेल्या तीन महिन्यांतले डाग आठवले. निळ्या मॉपने पुसले की प्रत्येक वळणावर पाण्याची एक चंद्रकोर राही. बाकीच्या बायका पुन्हा पुसत, मनगटे चोळत, आणि कंपनीच्या अहवालात लिहिले जाई की कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणाची गरज आहे.

"एक सांगू?" भाऊजी अखेर वळले. "आमच्या धंद्यात नकली पाने यायचे. खऱ्या पान्यावर एक ओरखडा असायचा, साच्यातलाच दोष. नकलीवर बघावं तर तोही उतरवलेला. गुण कोणीही उतरवेल हो. दोष कोण उतरवतो? ज्याला दोष कुठला आणि गुण कुठला हेच कळत नाही, तो."

हीच गोष्ट जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासकांनी जाडजूड ग्रंथांत, तळटीपांसह मांडून ठेवली आहे. दोन पोथ्यांत एकच शहाणपण आढळले तर ते दोघांना वेगवेगळे सुचले असेल. पण एकच चूक आढळली, तर एकीने दुसरी पाहून उतरवली आहे. मूळ कोणती, हेही ठरवता येते: जिच्यात त्या चुकीचे कारण सापडते, ती. भाऊजींनी एकही ग्रंथ वाचला नव्हता, म्हणून त्यांना हे सांगायला अर्धे मिनिट पुरले.

"मग पत्रा उघडला की झालं," मावशी म्हणाली.

भाऊजींचा चेहरा मात्र उजळला नाही. "वहिनी, मधे एकदा पाटी बदलली होती. आठवतं? कडा झिजल्या म्हणून. दुसरी घातली, तिच्यावरही सांधा तिथंच बसवला, तुमच्या हाताला सवय झाली होती म्हणून. मग ती दुसरी तुटली."

"हो. आणि मग?"

"मग मी पहिलीच घासून परत बसवली, की तिसरी कापली... ते काही केल्या आठवत नाही. तिसरी असेल तर तिला तडा नाही. पत्र्याखाली कोरी करकरीत पाटी निघायची. मग त्यांना सांगायचं काय?"

चपटी सील होऊन गोदामात पडली होती. बघायचे तर सगळ्यांसमोरच बघावे लागणार होते.

गुरुवारी अकरा वाजता चौकशीची खोली नुकतीच पुसलेली होती. मावशी खुर्चीवर बसली आणि सवयीने तिची नजर आधी लादीवर गेली. खिडकीच्या उजेडात पाण्याच्या चंद्रकोरी चमकत होत्या. दारापासून टेबलापर्यंत एकूण सात.

टेबलाच्या मधोमध अधीक्षक बसल्या होत्या. त्या डॉक्टर होत्या आणि औषधाची चिठ्ठी सांगावी तसे मोजके बोलत. त्यांच्या डावीकडे इतिवृत्त लिहिणारा कारकून. समोर कंपनीचा वकील, आणि त्याच्या शेजारी रचनाकार. आज त्याच्या कानामागे पेन्सिल नव्हती. मावशी आत आली तेव्हा तो अर्धवट उठला, मग वकिलाकडे पाहून बसला. टेबलावर दोन वस्तू होत्या, एक निळी आणि एक कळकट. तिसरी वस्तू म्हणजे तो टाइप केलेला कबुलीजबाब. त्यावर टोपण काढलेले पेन ठेवले होते, सही करणाऱ्याला तेवढेही कष्ट नकोत म्हणून.

सूनबाई आणि भाऊजी बाहेरच्या बाकावर होते. नातेवाइकांना आत परवानगी नव्हती, पण दार पूर्ण लागत नव्हते.

"बाई, तुमचं शिक्षण?" वकिलाने सुरुवात केली.

"सातवी."

"द्वि-अक्षीय सांधा म्हणजे काय, सांगू शकाल?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही जे बनवलं म्हणता, ते काय आहे हेच तुम्हाला माहीत नाही."

"साहेब, स्वादुपिंड म्हणजे काय तेही मला सांगता येत नाही. पण जेवण पचतं."

कारकुनाचे पेन क्षणभर अडखळले. अधीक्षकांनी त्याच्याकडे पाहिले, तसे पुन्हा चालू लागले.

"ही वस्तू तुम्ही अकरा वर्षांपूर्वी बनवली, याचा काही लेखी पुरावा?"

"वॉर्डातल्या बायका सांगतील."

"त्या तुमच्या सहकारी. साहजिकच तुमच्या बाजूनं बोलणार. लेखी काय आहे?"

"लेखी काही नाही."

वकील समाधानाने मागे टेकला. मग त्याने दोन्ही मॉप उलटे केले, एकाशेजारी एक ठेवले, आणि ज्या गोष्टीची मावशी दोन दिवस धास्ती आणि आशा एकाच वेळी बाळगून होती, तिच्यावर स्वतःहून बोट ठेवले.

"मॅडम, इकडे पाहावं. कोणताही साधा माणूस सांधा मधोमध बसवेल. आमच्या रचनेत तो मध्यापासून डावीकडे सरकवलेला आहे. आराखड्यात त्याची कारणमीमांसा तीन परिच्छेदांत दिली आहे. आणि या बाईंच्या वस्तूत तो नेमका तेवढाच, तिथंच. योगायोग? बाई, हे अंतर तुमच्याकडे आलं कुठून?"

खोलीत सगळे मावशीकडे पाहू लागले. पेन हाताच्या अंतरावर होते. तिला वाटले, आत्ता सही केली तर उद्या सकाळी कपाट उघडता येईल; निळा मॉप घेऊन का होईना, चाळीस पलंग पुसता येतील; संध्याकाळी त्याच खोल्यांत शिलाई मशीनचा आवाज ऐकू येईल. आणि पत्र्याखाली कोरी पाटी निघाली तर यातले काहीच नाही. भाऊजींनी पहिली पाटी परत बसवली असेल का? भाऊजी वस्तू टाकून देणारे नव्हते. पण आपली चूक रोज डोळ्यांसमोर ठेवणारेही नव्हते.

"तो पत्रा उघडा," मावशी म्हणाली.

"कोणता पत्रा?" अधीक्षक.

"सांध्याखालचा. कारण त्याच्याखाली आहे." 'असेल' म्हणायचे होते, तोंडातून 'आहे' गेले.

वकिलाने हरकत घेतली. वस्तू सीलबंद पुरावा आहे, बाईंचा दीर बाहेर बसला आहे आणि तो कारागीर आहे, काहीही बदल होऊ शकतो. अधीक्षकांनी ऐकून घेतले. "ठीक. मग तुमच्याच माणसानं उघडावं. आमच्यासमोर."

 रचनाकाराने खिशातून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला. मोजपट्टीसारखा तोही त्याच्याजवळ नेहमी असे.

पहिला स्क्रू सहज निघाला. दुसराही. तिसरा गंजला होता. ड्रायव्हर दोनदा घसरला, आणि दुसऱ्या वेळी रचनाकाराने हात पँटला पुसला. बाहेर बाकाचा पाय करकरला. कोणीतरी उठून दाराशी आले होते. तिसरा स्क्रू निघाला. चौथ्याला त्याने इतका वेळ लावला की अधीक्षकांनी घड्याळ पाहिले.

मग त्याने पत्रा बोटभर उचलला, आत पाहिले, आणि तसाच धरून बसला.

"काय आहे?" अधीक्षकांनी विचारले.

तो काही बोलला नाही. मावशीला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. पाटी कोरी असती तर तो लगेच बोलला असता, की तरीही असाच गप्प राहिला असता? ती उठली, टेबलाला वळसा घालून गेली, आणि चपटी त्याच्या हातातून काढून घेऊन खिडकीच्या उजेडाला धरली.

पाटीच्या बरोबर मधोमध एक भोक होते. त्या भोकापासून कडेपर्यंत केसासारखा तडा गेला होता, आणि तड्यातून उजेड येत होता. दोन बोटे डावीकडे दुसरे भोक, ज्यात सांधा होता.

दाराबाहेर भाऊजी कोणालातरी हळूच म्हणाले, "पहिलीच होती गं," आणि सूनबाईने त्यांना गप्प केले.

"हे पहिलं भोक," मावशी म्हणाली.  "पाडताना पाटी तडकली. म्हणून सांधा सरकवावा लागला. मॅडम, कारण विचारलंत ना? माझं कारण फुटकं आहे, पण आहे."

अधीक्षकांनी चपटी हातात घेतली, तड्यावर नख फिरवले. मग निळा मॉप उचलून त्याची पाटी उजेडाला धरली. ती सलग होती, नवीकोरी, निर्दोष.

"यात तडा नाही," त्या रचनाकाराला म्हणाल्या. "मग सांधा बाजूला का?"

त्याने फाइल उघडली. "भारवितरणाच्या दृष्टीनं... वळणाच्या वेळी डोक्याचा तोल साधण्यासाठी, वापरकर्त्याच्या मनगटावरील ताण कमी..." तो वाचत होता, आणि मावशी थक्क होऊन ऐकत होती. भाऊजींनी अकरा वर्षांपूर्वी आपली लाज झाकायला जी थाप मारली होती, आणि जी तिने खरी मानून चहा पिताना टेपवाल्याला, त्याने विचारले नसतानाही, भोळेपणाने सांगितली होती, ती इथे तीन परिच्छेद होऊन, आकड्यांनी सजून, शिक्क्यासह परत आली होती.

"पुसून दाखवा," अधीक्षक म्हणाल्या.

"मॅडम, याची काही गरज..." वकील.

"लादी इथंच आहे."

रचनाकार उठला. बादलीची वाट कोणी पाहिली नाही. पाण्याचा जग खिडकीत होता, अधीक्षकांनीच निळ्या मॉपवर ओतला. त्याने दांडा धरला, उजवा हात वर. दोन पावले सरळ गेला. तिसऱ्या पावलाला त्याने वळवले, डोके तिरके झाले, एक बाजू मागे राहिली, आणि लादीवर पाण्याची चंद्रकोर उमटली. आधीच्या सातांच्या रांगेत आठवी.

अधीक्षकांनी आठही पाहिल्या. "या डागांसाठी," त्या सावकाश म्हणाल्या, "मी तीन महिने या बायकांना मेमो देतेय."

मग त्यांनी टेबलावरचा टाइप केलेला कागद उलटा केला आणि पेनाला टोपण घातले.  मावशी खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. पण तिचे काम अजून संपले नव्हते. आपली नोकरी वाचली, हे तिला कळले होते. तिला आणखी एक गोष्ट हवी होती, आणि ती अधीक्षकांकडे नव्हती.

"साहेब," ती रचनाकाराला म्हणाली, "फडक्याचे खिसे कुणी शिवले ते विचारलंत. सांधा कुठून आणला ते विचारलंत. दांडा किती उंच, तेसुद्धा तीनदा मोजलंत. मग सांधा मधोमध का नाही, हे तेवढं का नाही विचारलंत?"

"याचं उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही," वकील चटकन म्हणाला.

रचनाकार दांडा हातात धरून उभा होता. लादीवरचे पाणी त्याच्या बुटापर्यंत आले होते. त्याने पाय हलवला नाही. वकिलाने त्याच्या बाहीला हात लावला, तो त्याने हळूच सोडवला. मग तो बोलला, कारकुनाला लिहायला सापडावे इतक्या सावकाश, आणि त्या दिवशीच्या इतिवृत्तात त्याचे बोलणे, एकही शब्द न बदलता, असे नोंदले आहे:

"माप घेतानाच माझ्या लक्षात आलं होतं, की सांधा मधोमध नाही. त्या तोलाचं म्हणाल्या होत्या, पण मी गणित करून पाहिलं तर ते बसत नव्हतं. मला वाटलं, मावशी इतकी वर्षं रोज पुसतायत, त्यांनी तो तिथं बसवलाय म्हणजे काहीतरी कारण असणारच, जे मला कळत नाही. म्हणून मी जागा बदलली नाही. परत जाऊन विचारायचं मनात आलं होतं. पण विचारलं असतं, तर ही रचना त्यांची आहे हे मला माहीत होतं, असं झालं असतं."